मर्लफेस्टला पहिल्यांदा जाताना: कोणत्या ब्लूग्रास बँडसमोर बसावं?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात भरणाऱ्या मर्लफेस्ट या संगीत महोत्सवाचं वेळापत्रक उघडलं की पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळून जातो. दुपारी एकाच वेळी टेकडीच्या उतारावरच्या मंचासमोर एक बँड, ओढ्याकाठच्या मंचावर दुसरा, सभागृहात तिसरा आणि मुख्य मंचावर चौथा. डझनभर मंच, चार दिवस, आणि सगळं मिळून एका कॉलेजच्या आवारात. राले, केरी, शार्लट या भागांत आता मराठी घरं भरपूर आहेत आणि महोत्सवाचं गाव विल्क्सबरो तिथून गाडीने काही तासांवर आहे. त्यामुळे ‘जाऊ का’ हा प्रश्न चटकन सुटतो. ‘गेल्यावर कुणाला ऐकू’ हा सुटत नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

या महोत्सवात सगळेच बँड ब्लूग्रासचे, म्हणजे अमेरिकन लोकसंगीतातून आलेल्या तारवाद्यांच्या वेगवान संगीताचे, नसतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. डॉक वॉटसन हे इथल्याच डीप गॅप गावचे. तान्हेपणीच दृष्टी गेलेले, पण गिटारवर फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, गती जशाच्या तशा वाजवून त्यांनी अमेरिकन लोकसंगीतात गिटारची जागाच बदलून टाकली. त्यांचा मुलगा मर्ल त्यांच्याबरोबर साथीला वाजवायचा. १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. त्याच्या स्मरणार्थ १९८८ मध्ये विल्क्स कम्युनिटी कॉलेजच्या आवारात हा महोत्सव सुरू झाला. बापलेक जे वाजवायचे त्यात डोंगरातली जुनी गाणी होती, ब्लूज होतं, कंट्री होतं आणि मनाला भावेल ते बाकीचंही होतं. डॉक आपल्या संगीताला ‘ट्रॅडिशनल प्लस’ म्हणायचे, म्हणजे परंपरा आणि वर आणखी काही. महोत्सवाचं धोरण तेच राहिलं. म्हणून पत्रिकेवर कंट्री गायक असतात, ब्लूजवाले असतात, गीतकार असतात. तुम्हाला खास ब्लूग्रास ऐकायचं असेल तर निवड स्वतः करावी लागते.

आता कानाची थोडी तयारी. ब्लूग्रासला तसं वय फारसं नाही. केंटकीतल्या रोझीन गावच्या बिल मन्रो यांनी १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आपला बँड आणला, आणि १९४५ च्या अखेरीस त्या बँडमध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा अर्ल स्क्रग्ज हा विशीतला बँजोवादक दाखल झाला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी तो सुरांची इतकी दाट आणि सरळ धार काढायचा की तोवर साथीचं मानलं जाणारं बँजो एकदम पुढे आलं. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा बास अशी ही पाच वाद्यांची मांडणी. कधी सहावं डोब्रो, म्हणजे आडवं धरून धातूच्या कांडीने वाजवायची गिटार. ड्रम नाही. ताल सांभाळायचं काम मँडोलिन करतं: बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, तर मँडोलिनचा लगेच दाबलेला ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भजनात टाळ जे काम करतो ते इथे मँडोलिन करतं, असं समजलं तर कान लवकर जागेवर येतो.

याच्यावर गाणं. मुख्य गायकाच्या वर एक आवाज, खाली एक आवाज, आणि दोन कडव्यांच्या मधे एकेका वादकाला आपलं आवर्तन. त्यात त्याने धून सांगायची आणि थोडी फिरवायची. हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानाला इथे दोन गोष्टी खटकू शकतात. एक म्हणजे प्रत्येकाला मिळणारा वेळ फार थोडा, पंधरा-वीस सेकंदांत सगळं सांगून बाजूला व्हायचं. दुसरी म्हणजे तीन आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवर. पहिलीची सवय अर्ध्या तासात होते. दुसरी मात्र नीट ऐकावी लागते, आणि माझ्या मते ब्लूग्रासचा जीव तिथेच आहे. बँड निवडताना मी बोटांच्या वेगाला दुसरा क्रमांक देतो. वेग आज पंधरा वर्षांच्या मुलांकडेही असतो. तीन गळे एकत्र आल्यावर चौथाच आवाज ऐकू आल्यासारखं वाटतं, ते थोड्याच बँडना जमतं.

या कसोटीवर पहिली तुलना डेल मॅकोरी आणि सॅम बुश यांची.

दोघेही मर्लफेस्टचे जुने पाहुणे. दोघेही ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये: मॅकोरी २०११ मध्ये गेले, सॅम बुश त्यांच्या आधीच्या ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ बँडसह २०२० मध्ये आणि स्वतंत्रपणे २०२३ मध्ये. आणि तरीही दोघांचे मंच शेजारी-शेजारी असले तर दोन वेगळ्या संगीताचे मंच आहेत असं वाटावं इतका फरक.

डेल मॅकोरी १९३९ चे. १९६३ मध्ये ते बिल मन्रोंकडे गेले ते बँजोवादक म्हणून. पण त्याच सुमारास बिल कीथ नावाचा अद्भुत बँजोवादक मन्रोंना मिळाला, आणि मन्रोंनी डेलच्या हाती गिटार देऊन त्यांना मुख्य गायक केलं. त्या एका निर्णयाने ब्लूग्रासला त्याचा एक मोठा गळा मिळाला. पुढची बरीच वर्षं डेल पेनसिल्वेनियात लाकूडतोडीच्या कामावर जायचे आणि शनिवार-रविवारी गायचे. मोठं नाव झालं ते पन्नाशीनंतर, १९९२ मध्ये नॅशव्हिलला आल्यावर, मुलगा रॉनी मँडोलिनवर आणि दुसरा मुलगा रॉब बँजोवर घेऊन. १९९० च्या दशकात या बँडने एकाच माइकभोवती उभं राहून गाण्याची जुनी रीत पुन्हा प्रचारात आणली. ज्याचं आवर्तन आलं तो पुढे, संपलं की खांदा तिरका करून मागे, दुसरा आत. कुणी कुणाला धडकत नाही, फिडलचा गज कुणाच्या डोळ्यात जात नाही, आणि आवाजाचा समतोल यंत्रावर बसलेला माणूस नाही तर वादक स्वतःच आपल्या अंतराने राखतात. माइक एक असो वा चार, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली दिसते.

डेलचा आवाज उंच, टोकदार आणि किंचित उदास. सूर लावताना ते वर चढून अगदी कडेला थांबतात आणि तिथून खाली पाहतात. सूट, टाय, केसांची जुन्या वळणाची बांधणी, आणि गाणं संपलं की मनमोकळं हसू. श्रोत्यांनी ओरडून सांगितलेली फर्माईश ते ऐकतात, मुलांकडे बघून पट्टी ठरवतात आणि सुरू करतात. लाल केसांची मुलगी आणि मोटारसायकलवरचा चोर यांच्या गाण्याची फर्माईश बहुधा होतेच. ते गाणं एका इंग्रज गीतकाराचं, पण डेलच्या गळ्यातून ते केंटकीच्या डोंगरात जन्मल्यासारखं वाटतं. आज ते वयाच्या नव्वदीकडे निघाले आहेत. वरचे काही सूर पूर्वीइतक्या सहज लागत नाहीत, हे कुणालाही ऐकू येईल. पण त्या प्रत्येक सुरामागे मन्रोंच्या शेजारी उभं राहून शिकलेला माणूस आहे, आणि असे गळे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

सॅम बुश १९५२ चे, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनचे. कुमारवयातच आयडाहोतल्या वायझरला होणारी राष्ट्रीय कनिष्ठ फिडल स्पर्धा त्यांनी तीनदा जिंकली. त्यांनी परंपरा लहानपणीच आत्मसात केली आणि मग ती उघडी केली. १९७१ मध्ये सुरू झालेल्या न्यू ग्रास रिव्हायव्हलने लांब केस, विजेवरचा बास, रॉक आणि रेगेची गाणी हे सगळं ब्लूग्रासच्या वाद्यांत आणलं. तेव्हाच्या जुन्या श्रोत्यांपैकी कितीतरी जण नाराज झाले. आज त्याच बँडचे वारस सगळीकडे आहेत. सॅम यांच्या सध्याच्या बँडमध्ये ड्रम असतो, गाणी लांबतात, मधल्या भागात लय गुंडाळत-उलगडत नेतात. मँडोलिनचा त्यांचा ठोका इतका ठाम की ड्रम थांबला तरी फरक पडणार नाही असं वाटतं. कोलोरॅडोतल्या टेल्युराइड महोत्सवात १९७५ पासून दरवर्षी हजर राहणारा हा माणूस उघड्या माळावर हजारोंना उभं करण्यात वाकबगार आहे.

मराठी वाचकाला सॅम बुशकडे जाण्याचं आणखी एक दार आहे. न्यू ग्रास रिव्हायव्हलमध्ये १९८१ ते १९८९ बँजो वाजवणारे बेला फ्लेक पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं वाजवत राहिले. बासवर एडगर मायर आणि बासरीवर राकेश चौरसिया यांच्यासह या चौघांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्या मैफिली ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना सॅमच्या मंचावरची मोकळीक लगेच ओळखीची वाटेल. सुरांच्या आधी लय पकडून चालणाऱ्या श्रोत्याला इथे घरच्यासारखं वाटतं.

मग निवड कशी करायची? पहिल्यांदा जाणाऱ्याने, दोघे एकाच वेळी असतील तर, डेल मॅकोरींसमोर बसावं. माझं हे मत ठाम आहे. सॅम बुश काय मोडतात हे कळायला आधी जे मोडलं गेलं ते ऐकलेलं असावं लागतं. बंदिश न ऐकता थेट तराण्यात शिरलेल्या श्रोत्याला टाळ्या वाजवता येतात, पण कुठे वाजवायच्या ते कळत नाही. उलट, सोबत असा कोणी असेल ज्याला शांत बसून ऐकणं अवघड जातं, किशोरवयीन मुलं किंवा फक्त तुमच्या आग्रहाखातर आलेले मित्र, तर सॅम बुश निवडा. त्यांच्यासमोर कंटाळलेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि एक बारकावा: मॅकोरी बँड रात्री मुख्य मंचावर असेल आणि तुमचं तिकीट साधं असेल तर तुम्ही राखीव खुर्च्यांच्या मागे, बरेच लांब असाल. त्या अंतरावरून माइकभोवतीची ती हालचाल पडद्यावरच दिसते. तेव्हा हाच बँड किंवा त्यातले दोघे-तिघे दुपारी एखाद्या छोट्या मंचावर गाणार आहेत का, ते पत्रिकेत शोधा. मर्लफेस्टला एकाच कलाकाराचे वेगवेगळ्या मंचांवर दोन-तीन कार्यक्रम होणं नेहमीचं आहे.

दुसरी तुलना घरच्या दोघांची. बाल्सम रेंज आणि स्टीप कॅन्यन रेंजर्स, दोन्ही पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरपट्ट्यातले. नावाजलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत यांच्यावर अन्याय होतो. लोक म्हणतात, ‘हे तर इथलेच, नंतर ऐकू’. असं करू नका.

बाल्सम रेंज २००७ मध्ये हेवूड काउंटीत जमला, आणि तिथल्याच डोंगररांगेचं नाव घेतलं. जमले तेव्हा सगळे आपापल्या नोकऱ्या-धंद्यांत असलेले, शेजारपाजारचे लोक. बँजोवादक मार्क प्रुइट यांनी कित्येक वर्षं काउंटीच्या जमिनीची धूप रोखण्याच्या खात्यात काम केलं, पहिले गिटारवादक केलेब स्मिथ स्वतः गिटार बनवणारे. या लोकांनी आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम बँडचा मान २०१४ आणि २०१८ असा दोनदा मिळवला, आणि त्याच दोन वर्षी फिडलवादक-गायक बडी मेल्टन यांना सर्वोत्तम पुरुष गायकाचा. यांचं बलस्थान गळे. मेल्टन यांचा आवाज उंच पण मऊ, डेलसारखा कापत जाणारा नाही. त्याच्याभोवती बाकीचे आवाज बसतात तेव्हा चर्चमध्ये एकत्र गाऊन वाढलेली माणसं आहेत हे सांगावं लागत नाही. विशेषतः वाद्यं खाली ठेवून फक्त चार आवाजांत एखादं भक्तिगीत सुरू केलं, तर उठून दुसऱ्या मंचाकडे जायचा बेत रद्द करा. वेग, विनोद, कोलांट्या यांच्याकडे कमी. गाणी शेतीची, रेल्वेची, गाव सोडून गेलेल्यांची. शब्द स्पष्ट म्हणतात, त्यामुळे डोंगराकडच्या उच्चारांची सवय नसलेल्यालाही कथा समजते.

स्टीप कॅन्यन रेंजर्स वेगळ्या वाटेने आले. २००० मध्ये चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हा बँड काढला, म्हणजे घरातून नव्हे तर वसतिगृहातून. बँजोवादक ग्रॅहम शार्प यांची स्वतःची गाणी हे पहिल्यापासून वैशिष्ट्य. २००९ पासून विनोदी अभिनेते आणि उत्तम बँजोवादक स्टीव्ह मार्टिन यांच्याबरोबरच्या दौऱ्यांनी नाव देशभर पोचलं, २०११ मध्ये दोघांना मिळून ब्लूग्रास संघटनेचा सर्वोच्च मान मिळाला, आणि २०१३ मध्ये बँडला स्वतंत्रपणे ग्रॅमी. सोबत लहानसा तालसंचही वाजतो, त्यामुळे आवाज भरलेला. २०२२ मध्ये मुख्य गायक वुडी प्लॅट बाहेर पडले आणि गीतकार-गायक ॲरन बर्डेट आले. ज्यांनी जुना बँड मनात धरून ठेवला आहे त्यांना हा बदल जाणवतो. मला नवा रंग थोडा अधिक अंतर्मुख वाटतो, गाण्यातल्या गोष्टीकडे झुकलेला. नव्या श्रोत्याला तुलना करायचं कारणच नाही.

दोघांत निवडायचं तर प्रश्न एकच: तुम्हाला आवाजांचा मेळ हवा की गाण्याची रचना? मेळ हवा असेल तर बाल्सम रेंज, आणि शक्य तितकं पुढे बसून. नव्या गाण्यांची घडण, फिडल आणि बँजोचं धावतं संभाषण, आणि सोबतच्या लोकांनाही उठून नाचावंसं वाटेल असा माहोल हवा असेल तर स्टीप कॅन्यन. माझा कौल बाल्सम रेंजला, कारण त्यांच्यासारखं चौघांचं गाणं त्या डोंगराबाहेर फारसं ऐकायला मिळत नाही. स्टीप कॅन्यन तुम्हाला एखाद्या मोठ्या शहरातही भेटतील. बाल्सम रेंजना त्यांच्या मातीपासून काही तासांच्या अंतरावर ऐकायची संधी रोज येत नाही.

मॉली टटलचं नाव पत्रिकेत दिसलं तर वरची सगळी गणितं बाजूला ठेवून एक कार्यक्रम तिच्यासाठी राखा. कॅलिफोर्नियात संगीतशिक्षक वडिलांकडे शिकलेली ही मुलगी २०१७ मध्ये ब्लूग्रास संघटनेचा सर्वोत्तम गिटारवादकाचा पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. त्याआधी, २०१२ मध्ये, मर्लफेस्टचीच गीतलेखन स्पर्धा तिने जिंकली होती. त्यामुळे इथलं तिचं येणं पाहुणीसारखं नसतं. ‘गोल्डन हायवे’ या बँडबरोबरच्या दोन ध्वनिमुद्रणांना २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ ग्रॅमी मिळालं. २०२५ मध्ये तिने नवा संच उभा केला आणि ब्लूग्रासच्या कुंपणाबाहेरची गाणीही जास्त गाऊ लागली. तेव्हा पत्रिकेत नाव नुसतं तिचं आहे की सोबत कोण आहे, ते पाहून अपेक्षा ठरवा. उजव्या हाताकडे लक्ष ठेवा. जुन्या बँजोची, नखाने खाली मारून अंगठ्याने उचलायची पद्धत तिने गिटारवर आणली आहे, आणि त्याने एका गिटारमधून दोन वाद्यांचा भास होतो. तीन वर्षांची असल्यापासून तिला केस गळण्याचा विकार आहे. मैफिलीत कधी ती विग काढून ठेवते, त्याबद्दल सरळ बोलते आणि गाणं पुढे नेते. मुली घेऊन जाणाऱ्या घरांनी हा कार्यक्रम चुकवू नये.

बिली स्ट्रिंग्जबद्दल विचारणा हमखास होते. मिशिगनचा, १९९२ चा, आजच्या पिढीतलं सगळ्यांत मोठं नाव. आता तो मोठमोठी बंदिस्त स्टेडियमं भरवतो, त्यामुळे अशा महोत्सवात तो मिळेलच असं धरून चालू नका. मिळाला तर गर्दी त्याच्या नावावर येते, गिटारला यंत्रांची जोड असते आणि एकेक गाणं बरंच लांबतं. ज्यांना तो आवडतो त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. पण केवळ नाव मोठं म्हणून पहिला ब्लूग्रास अनुभव त्याच्याकडून घेऊ नका. हा मुलगा सावत्र वडिलांच्या मांडीवर डॉक वॉटसनची गाणी शिकून मोठा झाला, आणि ते मूळ माहीत असलं की त्याची उड्डाणं किती लांबची आहेत ते कळतं.

या सगळ्या नावांच्या पलीकडे पारंपरिक मंचावर, जिथे ‘ओल्ड टाइम’ वाजतं, तिथे थोडा वेळ काढा, हा माझा आग्रह. ते ब्लूग्रास नव्हे. त्यात आवर्तनं वाटून घेत नाहीत. फिडल आणि बँजो एकच धून पुन्हापुन्हा, एकमेकांत विणून, नाचणाऱ्यांसाठी वाजवतात. विल्क्सबरोच्या पूर्वेला सरी काउंटीत राउंड पीक नावाच्या भागात टॉमी जॅरेलसारखे फिडलवादक होऊन गेले आणि तिथली धाटणी आजही शिकली जाते. बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत घडवलं, आणि याच राज्यातल्या ग्रीन्सबरोच्या रियॅनन गिडन्स यांनी कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्याकडे बसून ती परंपरा पुन्हा उजेडात आणली. मन्रोंच्या संगीतातही आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा वाटा होता, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तासभर ओल्ड टाइम ऐकून मग डेल मॅकोरींकडे गेलात, तर मन्रोंनी नेमकं काय नवीन केलं ते कुणी न समजावता कानाला समजतं.

आता वेळेचं. एकच दिवस जमणार असेल तर मी शनिवार टाळेन. मोठी नावं त्या दिवशी असतात हे खरं, पण गर्दीही त्याच दिवशी, आणि छोट्या मंचांसमोर पुढे जागा मिळवणं कठीण. शुक्रवारी दुपारपासून थांबता आलं तर उत्तम. खुर्ची घडीची आणि बुटकी न्या. दिवसा ऊन, पण एप्रिलच्या शेवटी त्या पायथ्याशी रात्र गार पडते आणि पाऊस कधीही येतो, तेव्हा गरम कपडे आणि रेनकोट दोन्ही. लहान मुलांसाठी वेगळा मंच असतो आणि तिथे त्यांना वाद्यं हाताळायला मिळतात. कुणाला गिटार किंवा मँडोलिन थोडंफार येत असेल तर ते घरी ठेवू नका. हौशी लोक गोल करून वाजवतात अशा जागा आवारात ठरवलेल्या असतात, आणि अनोळखी माणसाने येऊन बसावं हीच तिथली रीत. पट्टी विचारायची, आपली पाळी आली की वाजवायचं, नाही जमलं तर मान हलवून पुढच्याकडे द्यायचं.

आणि रविवारचाच दिवस हाती असेल तर घरून पहाटे निघा. रविवारची सकाळ भक्तिगीतांची असते. बाल्सम रेंज किंवा चार आवाजांत गाणारा कुठलाही बँड त्या वेळी कुठे आहे ते बघून थेट त्या मंचासमोर बसा, आणि बाकीचं वेळापत्रक त्यानंतर उघडा.